शेवटचा कप्पा

१

हेल्मीची झोप उडाली ती एका बुटामुळे.

खरं तर झोप उडवायला तिच्याकडे चांगली मोठमोठी कारणं रांग लावून उभी होती. दोन मैत्रिणींनी मिळून काढलेला धंदा आणि त्याचे दर महिन्याला येणारे-जाणारे वर्गणीदार. उणे तिसाच्या थंडीत गोठायला टपलेला तळघरातला नळ. लेकीचा, मिन्नाचा, हटता न हटणारा खोकला. पण या सगळ्यांना मागे सारून पुढे आला तो बूट. मिन्नाचा, जांभळा, उजव्या पायाचा. संध्याकाळी तो मागच्या दाराशी शेवटच्या कप्प्यात दिसला होता, आणि तिने तो तिथे ठेवला नव्हता.

‘ठेवला असशील,’ तिने स्वतःला समजावलं. ‘हल्ली तू दूध कपाटात ठेवतेस आणि साखर फ्रिजमध्ये.’ ते खरंच होतं. तरीही ती छताकडे बघत पडून राहिली. शेजारची बाजू रिकामी होती. रॉरी, तिचा नवरा, मालगाडीवर होता. गाडी थंडर बेहून निघाली की परत कधी येईल ते बर्फ ठरवायचा.

हे घर तिच्या आईचं. मागच्या दाराशी बूट-कोट उतरवायची अरुंद, थंड खोली होती, आणि तिथे आइनोने, म्हणजे आईने, पाइनच्या फळ्यांचे, कोट टांगण्याएवढे उंच पाच कप्पे ठोकून घेतले होते. घरातल्या प्रत्येकाला एक. पाचवा, दाराला लागून असलेला, कुणाचाच नव्हता. घरात जी वस्तू नुसती पडून राही, जिच्याकडे कुणी लक्ष देईनासं होई, ती आइनो मुकाट्याने त्या कप्प्यात नेऊन ठेवी. रविवारपर्यंत कुणी ती परत घेतली नाही, तर सोमवारी कप्पा रिकामा असे. काही चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत जाई, काही सौनाच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत. विचारलं तर एकच उत्तर मिळे: “ज्याच्याकडे बघायला तुला वेळ नाही, ते तुझं नाही.” हेल्मीचे स्केट्स असेच गेले. तिची रंगपेटी गेली. एकदा मांजर गेली. मांजर म्हातारी झाली होती, असं आई म्हणाली.

सकाळी हेल्मीने बूट उचलून मिन्नाच्या कप्प्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शेवटच्या कप्प्यात होता. टाच भिंतीकडे, नाक दाराकडे. निघायच्या तयारीत.

“मिन्ना, हा बूट इथे कुणी ठेवला?”

“मी.”

“का गं?”

“तिथेच ठेवायचाय.”

हेल्मीला हसू फुटलं. झालं, संपलं! चार वर्षांच्या पोरीचा चाळा, आणि आपण रात्र जागून काढली. तिने बूट उचलला, आणि मग तिला वरची दोरी दिसली. ती दुहेरी गाठ मारून बांधलेली होती, घट्ट, दोन्ही टोकं सारखी.

मिन्नाला अजून गाठ मारता येत नव्हती.

२

हेल्मी आणि तिची मैत्रीण जोसेलिन यांचं सॉफ्टवेअर एकच काम करायचं: लोकांच्या इनबॉक्समधला पसारा आवरायचं. पाळणाघरात मुलांच्या कोट-बुटांसाठी जे उघडे लाकडी कप्पे असतात त्यांना तिकडे कबी म्हणतात, म्हणून सॉफ्टवेअरचं नावही ‘कबी’. तुम्ही काय उघडता, कशाला उत्तर देता, काय टाळता, हे ते बघत राही आणि शिकत जाई. ज्या मेलकडे तुम्ही बरेच दिवस ढुंकूनही बघितलं नाही ती हळूच शेवटच्या कप्प्यात सरके. तिथून, न विचारता, काही दिवसांनी घराबाहेर.

लोक या शेवटच्या कप्प्यावर बेहद्द खूश होते. ‘मन न खाता फेकता येतं,’ असं मूस जॉ नावाच्या गावातल्या एका दंतवैद्याने लिहिलं होतं. ते वाक्य त्यांनी जाहिरातीत घातलं. कल्पना कुणाची, असं कुणी विचारलं की जोसेलिन हेल्मीकडे बोट दाखवी, आणि हेल्मी उगाच लाजल्यासारखं करी. आईच्या धाकाला वर्गणी लावून विकतोय आपण, हे काय सांगायचं?

तेवढंच असतं तरी ठीक होतं. पण नवा वर्गणीदार आला की सॉफ्टवेअरला त्याची आवडनिवड ठाऊक नसे, आणि पहिल्याच आठवड्यात घोळ झाला की माणूस वर्गणी बंद करून चालता होई. सुरुवातीला त्याला कुणाची तरी उसनी आवड द्यायला हवी होती, खऱ्या, भरलेल्या, वर्षानुवर्षं वापरलेल्या इनबॉक्समधली. आणि हेल्मीकडे एक होता. आइनोला जाऊन दोन हिवाळे झाले होते. तिचा इनबॉक्स तिच्या कपाटांसारखाच होता. एक फालतू मेल नाही, सगळं जिथल्या तिथे.

“पण ही तुझ्या आईची खाजगी पत्रं ना गं?” जोसेलिनने तेव्हा विचारलं होतं.

“मेलेली माणसं तक्रार करत नाहीत,” हेल्मी म्हणाली होती, आणि दोघी हसल्या होत्या.

तेव्हापासून कबी घेणाऱ्या प्रत्येकाचा पसारा पहिले काही आठवडे आइनोच्या हाताने आवरला जात होता. त्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, तो म्हणेल, यात वावगं काय? हेल्मीही तेच म्हणे. वारंवार म्हणे.

३

डिसेंबरात ग्राहकांच्या मेल जरा चमत्कारिक येऊ लागल्या.

‘तुमच्याकडे आवरायला जी बाई आहे, तिला माझे आभार सांगा. थोडी कडक आहे, पण हात फार नीट.’

हेल्मीने उत्तर दिलं, की बाई वगैरे कुणी नाही, हे सगळं यंत्रच करतं. त्यावर उत्तर आलं, ‘बरं, बरं. सांगा तरी.’

मग सडबरीच्या एका गृहस्थाची तक्रार आली. मुलाच्या शाळेच्या मेल शेवटच्या कप्प्यात कशा गेल्या? हेल्मीने तपासलं. त्याने त्या कित्येक आठवडे उघडल्याच नव्हत्या. तिने तसं नम्रपणे कळवलं, मेल परत कशा आणायच्या तेही सांगितलं. महिना उलटल्यावर त्याने वर्गणी बंद केली. वर्गणी बंद करताना कारण लिहायला एक चौकट असते. बहुतेक लोक ती कोरी सोडतात. त्याने लिहिलं होतं:

‘शाळेकडून आता मेल येत नाहीत. गरज राहिली नाही.’

हेल्मीने ते चुलीशी उभ्याउभ्या वाचलं, एका हातात मॅकरोनी ढवळायचा चमचा. शाळा बदलली असेल. त्याच्या बाईसाहेब मुलाला घेऊन माहेरी गेल्या असतील. बाप आठवडेच्या आठवडे शाळेच्या मेल उघडत नाही म्हटल्यावर गेल्याच असतील! तिने त्याला दोन ओळी लिहिल्या, सगळं ठीक ना, म्हणून. उत्तर आलं नाही. मॅकरोनी खाली लागली.

“जळकं नको,” मिन्ना म्हणाली.

“जळकं नाही, खरपूस आहे. खा.”

मग बऱ्याच दिवसांनी हेल्मीने स्वतःच्या इनबॉक्समधला शेवटचा कप्पा उघडला. दुसऱ्यांचे पसारे आवरणारीने स्वतःचा कधी बघावा? तिथे मिन्नाच्या पाळणाघराच्या मेल होत्या. रोजची एक, काय खाल्लं, किती झोपली, खाली फोटो. एकही उघडलेली नव्हती. आणि जुन्या जुन्या, पानगळीच्या दिवसांतल्या, तर निघूनच गेल्या होत्या.

ती खाली बसली आणि उरलेल्या सगळ्या वाचून काढल्या. फोटोत मुलं गोल गालिच्यावर उशा घेऊन बसली होती. मिन्ना नेहमी कडेला. तिच्या शेजारची उशी प्रत्येक फोटोत रिकामी, आणि त्या उशीवर एक राखाडी हातमोजा ठेवलेला. मोठ्या माणसाचा.

‘माझा हातमोजा!’ हेल्मी चक्क मोठ्याने म्हणाली. महिनाभर शोधत होती ती तो. त्यावरून रॉरीला बोलही लावून झाले होते.

दुसऱ्या दिवशी तिने पाळणाघराच्या ओडेटबाईंना विचारलं.

“अहो, रोज जागा धरते ती,” ओडेटबाई म्हणाल्या. “हातमोजा टाकायचा, आणि कुणाला बसू म्हणून द्यायचं नाही. परवा ब्रॉडी बसायला गेला तर चावली त्याला. मी लिहिलंय की सगळं तुम्हाला. वाचलं असेलच.”

“हो तर. वाचलं ना,” हेल्मी म्हणाली. “कुणासाठी धरते?”

“ते काही सांगत नाही बाई. म्हणते, अजून यायचीय.”

४

“आईचा इनबॉक्स काढून टाकू या,” हेल्मीने जोसेलिनला सांगितलं. जोसेलिन विनिपेगला असायची, पडद्यावर भेटायची, आणि सतत काहीतरी खात असायची. आज संत्रं होतं.

“काढून टाकू या म्हणजे? अगं, मी तो ऑक्टोबरातच, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत काढला.”

“काय?”

“तू त्या आठवड्यात किती रडत होतीस, आठव. आईची मेल समोर आली की रडायचीस. मी म्हटलं, मरो ते, आणि सगळं पुसून टाकलं. तुला सांगितलं नाही, कारण तू त्यावरूनही रडली असतीस.”

हेल्मीने लॅपटॉपची कड धरली. “मग नव्या लोकांना सुरुवातीची आवड कुठून मिळते?”

“कुठूनच नाही. कोरी पाटी. मला वाटलं होतं, तक्रारींचा पाऊस पडेल. उलट लोक म्हणतात, हल्ली आणखी छान आवरलं जातं. मग मी म्हटलं, चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?” जोसेलिनने फोड तोंडात टाकली. “तुझा चेहरा असा का झालाय? शेवटचं गरम कधी जेवलीस तू?”

“मिन्नाबद्दल सांगतेय मी तुला. तिच्या मेल, तिचा बूट...”

“मिन्नाचं काय घेऊन बसलीस, ती गुटगुटीत आहे. तुझं सांग. तुझ्याकडे बघतं कोण तिथे? नवरा रुळांवर, आई वर. आणि मी अशी, काचेत.”

“माझ्याकडे काय बघायचंय,” हेल्मी म्हणाली.

तेवढ्यात मागच्या दाराशी आवाज झाला. ठक्, ठक्. पायरीवर बूट आपटून बर्फ झाडल्याचा. आधी डावा, मग उजवा, मध्ये किंचित थांबून.

“हं, आला वाटतं रॉरी,” जोसेलिन म्हणाली. “जा, स्वयंपाक करायला लाव त्याला.”

म्हणजे तो आवाज तिलाही आला होता. हेल्मीला काही क्षण त्याचंच बरं वाटलं. आपल्या डोक्यात काही बिघाड नाही, हे पुष्कळ झालं. मग तिच्या लक्षात आलं, की रॉरी ड्रायडनला आहे. आणि बूट असे, मध्ये थांबून, तो कधीच झाडत नाही. तो दार लाथेने उघडतो आणि बर्फासकट आत येतो.

मागच्या खोलीत कुणी नव्हतं. दाराची कडी आतून लावलेली होती. पायपुसण्यावर मात्र बर्फाचे दोन तुकडे पडले होते, टाचेच्या आकाराचे. दाराच्या आत.

५

हेल्मी शिकलेली बाई होती. तिने कारणं शोधली. रस्त्यावरून बर्फ काढणारं यंत्र गेलं असेल, त्याने घर हादरलं. बर्फ मिन्नाच्या बुटाचा असेल. ग्राहक एकटे असतात, त्यांना सगळीकडे बाई दिसते. कारणं सगळी चांगली होती. फक्त ती एकमेकांशेजारी उभी केली की एकमेकांकडे बघेनात.

तेव्हा तिने कारणं सोडली आणि उपाय धरले. फोन टेबलाच्या खणात टाकला. आणि ती मिन्नाकडे बघू लागली. खाताना, रंगवताना, अंघोळीत. न बघितलेलं जातं ना? मग बघायचं, डोळ्यात तेल घालून बघायचं.

“आई, तू सारखी काय बघतेस?” मिन्ना वैतागली.

“तुला.”

“मी तीच आहे.”

शेवटच्या कप्प्यात तिने बर्फ वितळायला रस्त्यावर टाकायच्या मिठाचं पोतं कोंबलं. कप्पा भरलेला असला की त्यात काही जाणार नाही, एवढा साधा हिशेब. उचलताना तिची कंबर धरली. सकाळी पोतं बाहेर होतं, अंगणाच्या टोकाला सौनाकडे जाणाऱ्या वाटेवर, उभं, व्यवस्थित. कप्प्यात जांभळा बूट होता. आता दोन्ही बूट होते. त्यांच्याखाली हेल्मीचा स्वतःचा मफलर घडी करून ठेवला होता, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. तिची वस्तू कुठेही सापडायची.

“तू काल घरी आला होतास का?” तिने रॉरीला फोनवर विचारलं.

“हेल, मी इथे इंजिनात बसून डबाबंद बीन्स खातोय. का गं?”

“काही नाही. मीठ हललं.”

“मीठ हललं,” रॉरी सावकाश म्हणाला. “बरं. रविवारी रात्री येतोय मी. तोवर थोडी झोप, हां?”

रविवारी. आईच्या कप्प्याची मुदत. तो शब्द तिने फोन ठेवल्यावर ऐकला.

६

रविवारी दुपारी बर्फ थांबला आणि आभाळ शिशासारखं खाली आलं. सरोवराकडून वारा नव्हता. घरात फक्त तळघरातल्या भट्टीची घरघर. मिन्ना गालिच्यावर ठोकळे रचत होती, हेल्मी तिच्यासमोर मांडी घालून बसली होती आणि बघत होती. पापणी लवली तरी तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

खणात फोन थरथरला.

राहू दे, ती म्हणाली. तो पुन्हा थरथरला. पुन्हा. टेबलाचं लाकूड गुरगुरल्यासारखा आवाज. रॉरी असेल. गाडी अडकली असेल. रस्ता घसरडा आहे. तिने हात लांब केला, खण उघडला आणि फोनकडे बघितलं. रॉरी नव्हता. नवे वर्गणीदार आले होते, एकामागून एक, पूर्वी कधी आले नव्हते इतके. आणि एवढ्या सगळ्यातही तिला, खोटं कशाला, क्षणभर आनंद झाला.

मान वर केली तेव्हा गालिच्यावर ठोकळे होते.

“मिन्ना?”

मागच्या खोलीतून गारवा सरपटत येत होता. ती धावली. पायात नुसते मोजे, आणि त्या खोलीची फरशी ओली.

मिन्ना शेवटच्या कप्प्यात बसली होती. गुडघे पोटाशी, पाठ फळीला. कोट गळ्यापर्यंत बंद, डोक्यावर टोपी, आणि टोपीचे बंद हनुवटीखाली दुहेरी गाठीने बांधलेले, दोन्ही टोकं सारखी. ती रडत नव्हती. दवाखान्यात नंबराची वाट बघत बसावं तशी बसली होती.

दाराच्या काचेवर दवाचा बर्फ साचला होता. त्यात तळव्याएवढी जागा पुसलेली होती. ती बघायला नको होती, हे हेल्मीला बघायच्या आधीच कळलं होतं.

बाहेर सौनाच्या वाटेवर, मिठाच्या पोत्यापलीकडे, कुणीतरी पाठमोरं उभं होतं. तपकिरी कोट, खांदे जरा वाकलेले. मान वळवायची तसदी न घेता. एक हात मागे धरलेला होता, मूल रेंगाळलं की आया धरतात तसा, बोटं उघडी. फक्त तो हात जरा जास्तच वर होता. इतक्या वर मिन्नाचा हात पोचला नसता.

हेल्मीने काचेकडे पाठ केली. कडी चाचपून बघितली. कडी नव्हती लावलेली. ती लावली, आणि मग ती दाराला टेकून मिन्नासमोर गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांत तिचं तोंड धरलं. गाल गरम होते. उबदार, जिवंत, मॅकरोनीचा वास येणारे.

“मी बघतेय तुझ्याकडे,” ती म्हणाली. आवाज आपला वाटत नव्हता. “मिन्ना, ऐक. मी तुझ्याकडे बघत होते. फक्त एकदा, एकदाच नजर वळली. तू माझी आहेस. कुणी नेणार नाही तुला. तू कुठे जाणार नाहीस.”

तिच्या पाठीमागे, पायरीवर, बूट झाडल्याचा आवाज झाला. आधी डावा. मग, किंचित थांबून, उजवा.

मिन्नाने आईचे हात हळूच बाजूला केले. ती कप्प्यातून उतरली. कोटाच्या बाहीने तिने बसायची फळी पुसली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. आपले दोन्ही जांभळे बूट बाहेर काढले. खिशातून राखाडी हातमोजा काढून मफलरावर नीट ठेवला. मग तिने मान वर करून हेल्मीकडे बघितलं, मोठी माणसं लहानांकडे बघतात तशी, थोडं दमून, थोडं मायेने.

“मी कुठे जातेय?” ती म्हणाली. “मी तर तुझी जागा धरून बसले होते.”